आधी कातडी, मग रंग

लेकरा, सगळ्यात आधी एक गाठ मारून ठेव: बाई दिसायला गोरं असावं लागत नाही. वलांडीपासून उदगीर-निलंग्यापर्यंत उन्हात खुरपणी करणाऱ्या आपल्या आया-मावश्या सावळ्याच आहेत, आणि त्यांना बाई म्हणून ओळखायला कुणी चुकत नाही. तरीपण नवी पोर आपल्या तृतीयपंथीयांत आली, की तिच्या पिशवीतून पहिली निघते ती गोरं करायची ट्यूब. दाढीचं, काजळाचं, पावडरीचं सगळं सांगते मी, पण ती ट्यूब आधी बाहेर काढ. तिच्यापायी कातडी एकदा बिघडली, की वर कितीही भारी सामान लावलं तरी नीट बसत नाही.

ट्यूब उलटी कर आणि बारीक अक्षरं वाच. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यांतलं एक जरी नाव दिसलं, तर ते स्टिरॉइड आहे. औषध म्हणून ते वाईट नाही. इसबाला, सोरायसिसला डॉक्टर मोजके दिवस लावायला देतात. पण गोरं व्हायचं म्हणून रोज तोंडाला चोळलं, की सुरुवातीला चेहरा उजळतो, तुकतुकीत होतो, पोर खूश होते. मग हळूहळू कातडी पातळ पडते. गालावर लाल शिरा दिसायला लागतात, उन्हात पाऊल टाकलं की आग होते, पुरळ उठतं. आणि आपल्यासाठी सगळ्यात वाईट म्हणजे तोंडावरची लव वाढते. जी घालवायला आपण एवढा जीव टाकतो, तीच! बंद करावं तर चेहरा आणखी पेटतो, म्हणून पोर पुन्हा तीच ट्यूब आणते. 2018 साली केंद्र सरकारनं अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून नियम कडक केला. तरी मागितल्यावर काउंटरवरून ट्यूब मिळतेच, म्हणून राखण आपली आपल्यालाच करायची आहे. आधीपासून लावत असशील, तर मनानं एकदम बंद करू नको. त्वचेच्या डॉक्टरला खरं खरं सांग. ते बेतानं सोडवतात.

दुसरी भीती बिनलेबलच्या डबीची. कुणीतरी ओळखीतून आणून देतं, आठ दिवसांत गोरं करते म्हणतं. डबीवर कंपनी नाही, घटक नाहीत, तारीख नाही. अशा क्रीममध्ये पारा असू शकतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींनी असं एक क्रीम लावलं आणि तिघींच्याही किडन्यांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचा छडा लागला, 2023 च्या सुरुवातीला पेपरांत आलं होतं. क्रीममध्ये पारा मर्यादेच्या कितीतरी पट निघाला. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातही गोरेपणाच्या क्रीममुळे किडनीचे रोगी सापडले. चेहऱ्याला लावलेला पारा कातडीतून आत जातो आणि किडनीत साठून राहतो. पायाला सूज येणं, लघवीला फेस येणं, ही त्याची लक्षणं. असं क्रीम लावणाऱ्या कुणाला हे दिसलं, तर त्याच दिवशी लघवी तपासायला लाव.

घरगुती उपायांतही सगळंच निर्धोक नसतं. लिंबू चोळून उन्हात गेलीस तर तिथं भाजून काळा डाग पडतो. खायचा सोडा, दातांची पेस्ट तोंडाला लावायची नाही. बेसन, मुलतानी माती आठवड्यातून एखाद्या दिवशी चालेल, पण सुकून तडकेपर्यंत ठेवू नको, ओलसर असतानाच धुऊन टाक. हळद चांगली, पण ओली करून लावल्यावर पिवळेपणा दोन दिवस निघत नाही, हे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लक्षात ठेव.

आता रोजचं. आपला जिल्हा पाण्याला महाग. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस आठवणारी माणसं तांब्याभर पाण्यात तोंड धुवायला शिकलेली आहेत. तेवढं पुरतं. अडचण पाण्याच्या प्रमाणापेक्षा त्याच्या जातीची आहे. बोअरचं पाणी जड असतं. बादलीला पांढरा थर चढतो ना, तेच क्षार साबणाशी मिळून तोंडावर बसतात आणि कातडी ताणल्यागत होते. अंगाचा साबण तसाही तोंडाला कडकच. म्हणून साधा, बिनवासाचा, सौम्य फेसवॉश घे. वाटाण्याएवढा तळहातावर घेऊन पाण्यानं फेस कर, मग तोंडाला लाव, अर्धा मिनिट बोटं फिरव, धू. शेवटचा हबका जारच्या किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्याचा मार. सकाळी एकदा, रात्री एकदा. तिसऱ्यांदा घाम आला तर नुसतं पाणी. टॉवेल चोळू नको, टेकव.

तोंड ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लाव. तेलकट चेहरा असला तरी लाव. चेहरा कोरडा पडला की आणखी पुरळ उठतं असं पुष्कळ पोरींचं होतं. ग्लिसरीन असलेलं कुठलंही साधं लोशन पुरे. तेलकट असेल तर पातळ, जेलसारखं घे. खोबरेल ज्यांना फुटकुळ्या येतात त्यांनी रात्रभर तोंडावर ठेवू नये.

आणि सनस्क्रीन. इथं मी कुणाचं ऐकून घेत नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि बाजाराच्या दिवशी डोक्यावर सावली नसते. गोरं करायच्या क्रीमवर जे पैसे घालवतेस ते यावर घाल. एसपीएफ 30 किंवा त्याच्या वर, आणि पीए समोर तीन अधिकची चिन्हं असलेलं. दोन बोटांवर, तर्जनी आणि मधल्या बोटावर, मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा ओढ. तेवढं तोंडाला आणि मानेला मिळून लागतं; त्याहून कमी लावलं तर पाकिटावर लिहिलेला गुण मिळत नाही. बाहेर पडायच्या पाव तास आधी लाव, आणि उन्हातच फिरायचं असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. चिमट्यानं केस उपटल्याचे, फुटकुळ्यांचे काळे डाग ज्यांना आहेत त्यांचे डाग याशिवाय जात नाहीत. रोज ऊन खाल्लं की डाग रोज ताजा होतो. स्कार्फ, छत्री, पदर, जे मिळेल ते वापर.

आता दाढी. आपल्यात सगळ्यात जास्त रडणं याचंच.

जुन्या गुरू चेल्याच्या हातात चिमटा देतात. आरसा मांडीवर घेऊन उजेडाला बसायचं आणि एकेक केस उपटायचा. त्यामागं भावना आहे. वस्तरा पुरुषाचा, तो आपल्या गालाला लागू नये. त्या भावनेला मी नमस्कार करते. पण कातडीचं सांगायचं तर, उपटलेला केस पुन्हा येताना कधीकधी वाकतो आणि आतल्या आत वाढतो. तिथं गाठ होते, पू होतो, पोर ती सुईनं उकरते आणि काळा डाग मागं राहतो. वर्षानुवर्षं उपटून हनुवटीखाली खड्डे पडलेले चेहरे मी पाहिले आहेत. चार-दोन केसांना चिमटा ठीक आहे, अख्ख्या दाढीला नको. गरम वॅक्सही दाढीच्या राठ केसाला नको, आणि हातापायाचं केस काढायचं क्रीम तोंडाला तर नकोच. त्यानं कातडी भाजते.

वस्तऱ्यानं दाढी दाट होते हे खरं नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून ते हाताला राठ लागतं, मुळाशी काहीच बदलत नाही. नीट केलेली दाढी कातडीला सगळ्यात कमी त्रास देते. कशी करायची ते ऐक. आंघोळीनंतर कर, किंवा कोमट पाण्यात बुडवून पिळलेला रुमाल दोन-तीन मिनिटं गालावर धर. फेस किंवा जेल लाव आणि मिनिटभर थांब, केस मऊ होऊ दे. आधी नुसत्या बोटानं तपास, केस कुठल्या बाजूला झुकलेत ते. गालावर खाली, गळ्यावर पुष्कळांना वर किंवा आडवे असतात. त्याच दिशेनं वस्तरा फिरव, दाबू नको. अजून लागत असेल तर पुन्हा फेस लावून आडवा फिरव. उलटा फिरवलास तर त्या दिवशी गुळगुळीत लागतं, आणि तिसऱ्या दिवशी गळ्यावर पुरळ येतं. पाच-सहा वेळा वापरल्यावर पातं बदल. मग गार पाणी, तुरटी ओली करून एक हात, तुरटी धुऊन टाक, वर मॉइश्चरायझर. आणि न्हाव्याकडे जात असशील तर नवं पातं डोळ्यांसमोर फोडायला सांग. सांगायला लाजू नको. हेपॅटायटिस आणि एचआयव्ही दुसऱ्याच्या रक्ताचं पातं लागून होऊ शकतात. घरातही वस्तरा कुणाला देऊ नको, कुणाचा घेऊ नको.

कायमचं कमी करायचं असेल तर लेझर. लातूर-नांदेडला त्वचेच्या दवाखान्यांत करतात. पैसे साठवायच्या आधी चार गोष्टी समजून घे. लेझर केसाच्या मुळातला काळा रंग पकडतं, म्हणून पिकलेल्या केसावर चालत नाही. आधीचे चार ते सहा आठवडे चिमटा, धागा, वॅक्स सगळं बंद, कारण मूळच उपटलेलं असेल तर लेझर पकडणार कशाला? वस्तरा तेवढा चालतो. एका खेपेत होत नाही. दाढीला आठ-दहा खेपा, कुणाला त्याहून जास्त, महिना-दीड महिन्याच्या अंतरानं लागतात, आणि पुढं मधूनमधून एखादी. सावळ्या कातडीला चुकीचं मशीन किंवा जास्त जोर दिला तर भाजून डाग पडतो, म्हणून डॉक्टर स्वतः बघणारा हवा आणि आधी कानाखाली छोटासा भाग करून पाहायला सांगायचं. स्वस्त जाहिरात बघून जाऊ नको. आणि उन्हाळ्यात सुरू करण्यापेक्षा पावसाळा संपताना कर. आपलं ऊन आणि ताजं लेझर यांचं जमत नाही.

गोळ्यांबद्दल इथंच सांगते. मैत्रिणीच्या सांगण्यावरून गर्भनिरोधक गोळ्या खाऊ नको. पोरी मूठभर खातात, लवकर छाती यावी म्हणून. त्यानं रक्ताची गुठळी होऊन पाय सुजतो, ती गुठळी फुफ्फुसात गेली तर जीव जातो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना धोका आणखी. संप्रेरकांचे डॉक्टर रक्त तपासून, मापानं औषध देतात. त्यानं कातडी मऊ होते, तेल कमी सुटतं, पण आलेली दाढी जात नाही. ही गोष्ट कुणी आधी सांगत नाही, आणि पोर वर्षभर वाट बघत बसते.

चल, आता रंगाचं. दाढी केली तरी ओठांवर, हनुवटीवर, जबड्यावर निळसर-हिरवट छाया राहते. कातडीखालचे काळे केस दिसतात ते. तिच्यावर गोरी पावडर थापली की ती राखाडी होते आणि लांबून आणखी उठून दिसते. ही छाया दाबायची ती नारिंगी रंगानं. निळ्याच्या समोरचा रंग नारिंगी, तो निळेपणा मारतो. दुकानात नारिंगी करेक्टर मिळतो. नाही मिळाला तर विटकरी-नारिंगी, न चमकणारी लिपस्टिक घे. लालभडक नको, गुलाबी तर नकोच. दाढी करून, लोशन लावून अर्धा तास गेला पाहिजे. मग खिडकीशी किंवा दारात बस, उजेड समोरून यायला हवा. अनामिकेच्या टोकावर थोडासा रंग घे आणि जिथं छाया आहे तिथंच टेकव, ओढायचा नाही. ओठावरची बारीक जागा, तोंडाचे कोपरे, हनुवटीची खळगी, या तीन जागा पोरी विसरतात. या घडीला तू विचित्र दिसशील. घाबरू नको. त्याच्यावर अगदी बारीक पावडरीचा पुसट थर दाब. मग ओला करून पिळलेला स्पंज घे, तुझ्या रंगाचं फाउंडेशन त्यावर थोडंसं लाव आणि हलके थोपट. स्पंज घासला की खालचा नारिंगी उचलून वर येतो. राखाडी दिसतंय? नारिंगी कमी पडला, तेवढ्याच ठिकाणी पुन्हा लाव. नारिंगी झाक येतेय? फाउंडेशनचा आणखी एक पातळ हात. शेवटी पावडर, तीही दाबून. झालं की अंगणात जाऊन मोबाइलवर फोटो काढ. ट्यूबलाइटखाली सगळ्यांचंच बरं दिसतं.

फाउंडेशनचा रंग हातावर बघून घेऊ नको. हात वेगळा, तोंड वेगळं. जबड्यावर दोन-तीन रंगांच्या रेघा ओढ, दुकानाबाहेर उजेडात ये, दहा मिनिटं थांब, कारण बरेच रंग वाळल्यावर काळपट होतात. जी रेघ दिसेनाशी होईल ती तुझी. दुकानदार दोन छटा गोरी बाटली पुढं करतो, सगळ्यांनाच करतो. ती लावलीस की तोंड एका रंगाचं आणि मान दुसऱ्या. आपल्या देवणी गाईंत वानेरा असतो, अंग पांढरं आणि तोंडावर तेवढं काळं, तसं दिसतं ते, फक्त रंग उलटे. गाईला शोभतं. तुला तुझाच रंग शोभेल.

जुनी माणसं तोंडाला सफेदा लावायची. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, मार्गशीर्षात, तमाशाच्या कनातीमागं हे सगळं उघड्यावर बघायला मिळायचं. आधी खोबरेल, मग सफेदा, मग गालाला लाली. बत्तीच्या उजेडात, लांब बसलेल्या माणसाला नाक-डोळे दिसावेत म्हणून ते होतं. त्या काळच्या रंगांत मुर्दाडशिंगही वापरायचे, आणि ते म्हणजे शिशाचं भस्म, विषच. कलावंतांनी त्याची किंमत अंगावर मोजली. तू काही कनातीत उभी राहणार नाहीस. तुला किराणा आणायला, बँकेत रांगेत, कॉलेजात वावरायचं आहे, तिथं माणूस दोन हातांवर असतो. त्या अंतरावर पातळ लावलेलंच चांगलं दिसतं.

जबडा रुंद आहे, कपाळ मोठं आहे म्हणून तपकिरी पट्टे ओढायचे व्हिडिओ बघतेस ना? सुरुवातीला ते सोड. त्याला हात बसायला वेळ लागतो आणि घामात ते चिखल होतं. त्यापेक्षा भुवया बघ. भुवयांनी जेवढा चेहरा बदलतो तेवढा कशानंच नाही. धागा फक्त खालच्या बाजूनं मारून घे, वरची कड तशीच राहू दे. आणि बारीक दोरी करू नको. पातळ भुवयांनी जबडा उलट मोठा वाटतो, शिवाय वारंवार उपटलेले केस कधीकधी परत येतच नाहीत. लाली गालाच्या गोलाव्यावर, जरा वर, कानशिलाकडं जाणारी. ओठाला आपल्या ओठांच्याच रंगाहून एक छटा गडद, विटकरी किंवा जांभळट. केस चेहऱ्याच्या बाजूला थोडे सोडले की जबड्याची कड आपोआप मऊ होते, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

घाम आला तर पुसू नको. टिश्यू किंवा जुन्या मऊ धोतराचा तुकडा टेकव, वर चिमूटभर पावडर.

काजळ तुझं तुलाच. डोळे आलेले असतील तेव्हा कुणाचं वापरलं की घरभर साथ पसरते, हे तुला सांगायला नको. मस्कारा उघडल्यावर तीन महिन्यांत संपव किंवा टाक. कुठलीही नवी वस्तू आधी कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघ. खाज नाही, लाली नाही, मगच तोंडाला. आठवडी बाजारात नामांकित कंपनीच्या नावाची लिपस्टिक अगदी स्वस्तात मिळते, ती नकली असते. त्यापेक्षा साध्या कंपनीची खरी घे, जिच्यावर तारीख आणि बॅच नंबर आहे.

टिकलीचं मात्र थांबून ऐक. आपल्याला टिकली फार प्रिय. पहिल्यांदा कपाळाला टिकली लावून आरशात बघितलेला दिवस आपल्यातली कुठलीच विसरत नाही. पण टिकलीच्या मागच्या काही डिंकांत असं रसायन असतं की ते कातडीचा रंग मारतं. रोज त्याच जागी लावली की टिकली काढल्यावर तिथं बरोबर तेवढाच पांढरा ठिपका दिसतो. आधी नुसती खाज येते, मग रंग जातो. खाज आली की त्याच दिवशी टिकली बंद. रात्री काढून ठेवायचीच, एक टिकली चार दिवस वापरायची नाही, आणि अधूनमधून कुंकू लाव, तेही हळदीपासून केलेलं. रंगीत पूड कुंकू म्हणून विकतात, तिनंही चट्टे उठतात. भंडाऱ्यालाही हेच लागू. उधळून झाल्यावर देवाचा म्हणून रात्रभर तोंडावर ठेवू नको, धुऊन झोप.

झोपताना कितीही दमलीस तरी रंग उतरव. बोटांवर थोडं खोबरेल घेऊन तोंडावर फिरव, सगळं सुटतं, काजळसुद्धा. ओल्या कापडानं पूस, मग फेसवॉशनं तेल काढून टाक. स्पंज साबणानं धुऊन उन्हात वाळव. ओला स्पंज डबीत कोंडलास की बुरशी धरते आणि तीच उद्या गालावर जाते.

घरात अजून कुणाला काही माहीत नसेल तर घाई करू नको. तोंड धुणं, लोशन, सनस्क्रीन, बिनरंगाचा लिप बाम, स्वच्छ नखं. हे कुणीही करतं, कुणी विचारत नाही, आणि चार-सहा महिन्यांत चेहरा निवळतो. खालून चार केस काढलेली भुवई लक्षात येत नाही. रंगाचं सामान औषधाच्या डबीएवढ्या पाकिटात मावेल इतकंच ठेव. उदगीरला किंवा लातूरला मैत्रिणीकडं जाऊन तयार होत असशील, तर परतीच्या एसटीत बसायच्या आधी उतरवायला तेल, कापूस आणि पाण्याची बाटली जवळ असू दे. हे लपणं जन्मभराचं असावं असं मी म्हणत नाही. पण कधी, कुणासमोर, किती दिसायचं ते तू ठरवायचं, सापडल्यामुळं ठरू नये.

आणि आपल्या पोरांना, जे मुलगी म्हणून जन्मले आणि मुलगे आहेत, त्यांना कुणीच काही सांगत नाही. बाळा, टेस्टोस्टेरॉन सुरू झालं की तोंडावर, पाठीवर, छातीवर फुटकुळ्या येतात, पहिल्या वर्षात जरा जास्तच. फोडू नको. 2.5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल फुटकुळीच्या जागेवर पातळ लाव, त्यानं टॉवेल-उशीचा रंग उडतो म्हणून पांढरं कापड वापर. महिना-दीड महिन्यात कमी झालं नाही तर डॉक्टर. पहिली मिसरूड आली की आनंदानं रोज वस्तरा फिरवू नको, वर पोरींना सांगितलेलं दाढीचं सगळं तुलाही तसंच लागू आहे. छातीला कापड बांधतोस त्याखाली घामानं नायटा होतो. आठ तासांच्या वर बांधू नको, रात्री तर मुळीच नको, आणि कापड रोज धुतलेलं हवं. नायट्यालाही ती स्टिरॉइड मिसळलेली मलमं लावू नको, नायटा दबतो आणि दुप्पट पसरतो.

कातडीचं काहीही बिघडलं तर लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत आणि नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगाचा विभाग आहे. केसपेपर काढताना जुन्या नावानं हाक मारतील म्हणून पोरी जात नाहीत. कुणाला तरी सोबत घेऊन जा. आणि काय-काय लावलं त्याच्या ट्यूबा पिशवीत घालून ने, डॉक्टरला नाव सांगण्यापेक्षा ट्यूब दाखवलेली बरी.

आता शेवटचं बोलणं तुझ्याशी नाही, देवणी-उदगीरच्या पार्लरवाल्या ताईंशी आहे. ताई, आमची पोर भुवया करायला दारात येते आणि आत बायका बसल्यात बघून मागं फिरते. कधी तिला बाहेरूनच परत पाठवलं जातं. आम्ही तृतीयपंथी म्हणून सेवा नाकारायला 2019 च्या कायद्यानं बंदी आहे, पण मी कायद्याच्या जोरावर मागत नाही. दुपारी दोन ते चार तुमच्याकडं गिऱ्हाईक कमी असतं. त्या वेळात तिला एक खुर्ची द्या. नवा धागा घ्या, ती सांगेल त्या नावानं हाक मारा आणि बाकीच्यांकडून घेता तेवढेच पैसे घ्या. ती पुढच्या महिन्यात पुन्हा येईल, आणि येताना दुसरीला घेऊन येईल.